विजेचे बिल आणि वसतिगृहाची कोठी

निवासी शाळांचा इतिहास बहुधा इमारतींच्या अंगाने लिहिला जातो. पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, सभागृहाला कोणाचे नाव दिले, दुसरा मजला कोणत्या साली चढला, हे स्मरणिकांमध्ये तपशीलवार सापडते. त्या इमारतीत मुले वर्षानुवर्षे दोन वेळा काय जेवली आणि ते कशातून निभावले, याची नोंद मात्र शोधावी लागते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला असे वाटते की वसतिगृहाची खरी झुंज नेहमी चालू खर्चाशी असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. तेथील चूल पेटती राहावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडासाठी घरोघरच्या स्त्रियांनी मूठ-मूठ धान्य बाजूला काढून ठेवले. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले, तेव्हा मुलांच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि वह्या-पुस्तकांचा भार सभेनेच उचलला. इमारत एकदा उभी राहिली की राहते. पोट रोज भरावे लागते.

आज या चालू खर्चात विजेने मोठी जागा घेतली आहे. पाण्याचा पंप, पंखे, दिवे, संगणक कक्ष, भोजनगृहातील शीतकपाट, पीठ दळण्याची चक्की, यांतील एकही गोष्ट चैनीची नाही. परंतु दानाच्या बाबतीत एक विचित्र अडचण आहे, आणि ती प्रत्येक सेवाभावी संस्थेच्या कोषाध्यक्षाला ठाऊक असते. देणगीदार पंखा देतो. पंख्याचे बिल देत नाही. पंख्याच्या पात्यावर आईवडिलांचे नाव रंगवता येते, बिलावर कोणाचे नाव घालणार? यात देणगीदाराचा दोष काढण्याचे कारण नाही. एकरकमी, डोळ्यांना दिसणारे, टिकाऊ असे काही द्यावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. बिल मात्र दरमहा येते आणि ते भरण्यासाठी कोठीघराच्या पैशाला हात लावावा लागतो. डाळ पातळ होते ती अशा महिन्यांत.

सौर ऊर्जेचा विचार आम्ही या एका दृष्टीने करतो. छपरावरचे सौर पॅनेल ही एकदाच देता येणारी वस्तू आहे आणि ती पुढची पंचवीस वर्षे बिल भरत राहते. लोकांना जे देणे आवडते आणि संस्थेला जे हवे असते, त्यांची गाठ येथे पडते. पर्यावरणाचा लाभ आहेच, तो आम्ही कमी लेखत नाही; पण गरीब संस्थेने आधी हिशेब पाहावा.

कुलाबा जिल्हा आणि वीज

विजेशी आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी घाटाखाली सोडून येथे वीज निर्माण केली जाई आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांकडे जाई. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये कुंडलिकेच्या खोऱ्यातील भिरा. भिऱ्याला पाणी येते ते मुळशीच्या धरणातून, आणि त्या धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या मावळच्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह सेनापती बापटांच्या नेतृत्वाने गाजलेला आहे. १९२७ हे साल आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. ज्या वर्षी कुलाबा जिल्ह्यातील भिऱ्याला पाण्यातून वीज निघू लागली, त्याच वर्षी त्याच जिल्ह्यातील महाडला माणसांना तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. वर्गात हे दोन प्रसंग आम्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. त्यावर भाष्य करण्याची गरज मुलांना सहसा पडत नाही.

वीज येथे तयार होई, उजेड दुसरीकडे पडे. उरण तालुक्यातील घारापुरी बेट मुंबईच्या गेटवेपासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. तेथील शैव लेणी जगप्रसिद्ध आहेत. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे कमी लोकांना माहीत असते. या बेटावरील राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन गावांना मुंबईचे दिवे रोज दिसत, पण त्यांच्या स्वतःच्या घरांत संध्याकाळचे काही तास जनरेटरची वीज असे. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये.

या विषयाचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी केला होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्या खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत युद्धोत्तर पुनर्रचनेच्या धोरण समितीपुढे त्यांनी विजेवर जे भाषण केले, ते आजही वाचण्यासारखे आहे. शेतीवर साचलेले दारिद्र्य उद्योगीकरणाशिवाय हटणार नाही, आणि वीज मुबलक व स्वस्त असल्याशिवाय उद्योगीकरण होणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. वीज खासगी कंपन्यांच्या हाती असावी की शासनाच्या, ती प्रांतांनी सांभाळावी की केंद्राने, हे प्रश्न त्यांनी समितीपुढे स्पष्ट ठेवले. पुढे १९४४ मध्ये त्यांच्याच खात्यामार्फत केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले. मुबलक आणि स्वस्त या दोन कसोट्यांपैकी पहिली आपल्या किनाऱ्यावर बऱ्याच अंशी पूर्ण झाली आहे. दुसरीचा प्रश्न आपल्यासारख्या संस्थांपुढे आज उभा आहे.

धर्मादाय संस्थेची अडचण

एकेकाळी कायद्याने थोडा आधार दिला होता. १९५८ च्या मुंबई वीज शुल्क अधिनियमानुसार नोंदणीकृत धर्मादाय संस्थांच्या शाळा-महाविद्यालयांना वीज शुल्कातून सूट होती. २०१६ चा महाराष्ट्र वीज शुल्क अधिनियम आला आणि ती सूट गेली. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. धोरण ठरवणाऱ्यांनी वसतिगृहाच्या शाळेला आणि लाखोंचे शुल्क घेणाऱ्या शाळेला एका मापाने मोजले, हे मात्र आम्हांला खटकते.

सौर ऊर्जेच्या सवलतींचेही असेच आहे. २०१९ पूर्वी केंद्र सरकारच्या योजनेत शैक्षणिक आणि सामाजिक संस्थांना छपरावरील यंत्रणेसाठी ३० टक्के अनुदान मिळू शकत होते. त्यानंतर अनुदान घरगुती ग्राहकांपुरते राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी कुटुंबाला ७८ हजार रुपये मिळतात. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीसारखे गाव त्याच वर्षी संपूर्ण सौरग्राम झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी स्वतःच्या घरासाठी या योजनेचा लाभ जरूर घ्यावा. शाळेला मात्र तो मिळत नाही. नफा कमावणारी कंपनी पॅनेल बसवते तेव्हा तिला घसाऱ्यापोटी प्राप्तिकरात वजावट मिळते. जी संस्था मुळात करपात्र नाही, तिला वजावट कशातून मिळणार? कुटुंबाला अनुदान, कंपनीला करसवलत, आणि सेवाभावी संस्था मध्येच कोरडी, असा हा प्रकार आहे. म्हणून संस्थेने हिशेब अधिक काटेकोरपणे करणे आवश्यक ठरते.

आधी बिल वाचावे

दरवर्षी नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा एक तास आम्ही विजेच्या बिलाला देतो. बिलाच्या प्रती मुलांच्या हातात असतात. मंजूर भार, दर संकेत, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, असे एकेक कलम ती मोठ्याने वाचतात. मे महिन्यात शाळा बंद असताना स्थिर आकार का भरावा लागतो, हा प्रश्न हमखास येतो. सौर यंत्रणा बसवली तरी हा स्थिर आकार राहतोच. बचत होते ती युनिटांवर मोजल्या जाणाऱ्या कलमांत. विक्रेते ही गोष्ट सांगतातच असे नाही.

दर संकेताकडे विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात खासगी संस्थांच्या शाळा ‘सार्वजनिक सेवा – इतर’ या वर्गात येतात, तर शैक्षणिक संस्थांशी संलग्न विद्यार्थी वसतिगृहे घरगुती वर्गात येतात. घरगुती म्हणजे स्वस्त, असे समजून घाईने अर्ज करू नये. घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो: १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे सर्वांत जड. ऐंशी मुलांचे वसतिगृह एकाच मीटरवर असेल, तर बहुतेक युनिटे शेवटच्या पायरीवर जाऊन बसतात. अशा वेळी दोन्ही दरांनी बारा महिन्यांचा हिशेब मांडून पाहावा. या जड पायरीवर असलेल्या ग्राहकाला सौर ऊर्जेचा लाभ अधिक होतो, कारण सौर यंत्रणेमुळे कमी होणारी युनिटे वरच्या पायरीवरची असतात.

बिल वाचून झाल्यावरही थेट पॅनेलकडे वळू नये. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नवा, बीएलडीसी प्रकारचा पंखा ३० वॅटच्या आसपास. चाळीस पंखे रोज दहा तास चालतात असे धरले, तर दिवसाला १८ युनिटे आणि महिन्याला ५४० युनिटे वाचतात. एवढी वीज निर्माण करण्यासाठी चार ते पाच किलोवॅटची यंत्रणा लागली असती. पंखे बदलण्याचा खर्च त्याच्या निम्म्याहून कमी आहे. ज्याला कमी भूक आहे त्याची कणगीही लहान पुरते.

किती वीज, केव्हा

महाराष्ट्रात एक किलोवॅट क्षमतेची सौर यंत्रणा वर्षाला साधारण १४०० युनिटे देते. तिला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित छप्पर लागते. अनुदानाविना खर्च किलोवॅटला ५० ते ६० हजार रुपये येतो. उदाहरणादाखल १० किलोवॅटची यंत्रणा घेऊ. खर्च सुमारे साडेपाच ते सहा लाख. वार्षिक निर्मिती १४ हजार युनिटे. युनिटमागे सर्व कलमे मिळून १० रुपये वाचतात असे धरले, तर वर्षाला १ लाख ४० हजारांची बचत होते. देखभालीचे पैसे वजा जाता साडेचार वर्षांच्या आसपास मूळ रक्कम सुटते. दरमहा साडेअकरा हजार रुपये म्हणजे स्वयंपाकघरात आणखी एका मावशींचे मानधन, किंवा मुलांच्या ताटात आठवड्यातून दोनदा जास्तीची अंडी. पॅनेलची क्षमता वर्षाला थोडीथोडी घटते आणि इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो; त्यासाठी बचतीतून वेगळी रक्कम बाजूला ठेवणे शहाणपणाचे. यंत्रणेची क्षमता मंजूर भाराहून अधिक ठेवता येत नाही, हेही ध्यानात असावे.

कोकणात कोणीही विचारील तो प्रश्न पावसाचा. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते आणि आषाढात निर्मिती निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. याउलट एप्रिल-मे महिन्यांत ऊन कडक असते, पण तेव्हा मुले सुट्टीवर गावी गेलेली असतात. वरवर पाहता हा उलटा संसार आहे. तो सुलट होतो नेट मीटरिंगच्या व्यवस्थेमुळे. आपण वापरली त्याहून अधिक वीज तयार झाली, तर ती महावितरणच्या जाळ्यात जाते आणि तेवढी युनिटे आपल्या नावावर जमा राहतात. पुढच्या महिन्यांच्या वापरातून ती वळती होतात. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला मिटतो. त्यामुळे मे महिन्यात साठलेली युनिटे पावसाळ्यात हाताशी येतात. आपल्याकडे मृगाआधी आगोट भरतात, सुकी मासळी, वाल, कांद्याच्या माळा, सरपण घरात येते. त्यातलाच हा प्रकार. हीच युनिटे फेब्रुवारी-मार्चमध्ये साठली असती तर वर्षअखेरीस अगदी कमी दराने त्यांचे पैसे हाती आले असते.

येथे एक सावधगिरीची सूचना. नेट मीटरिंगचे नियम आयोग वेळोवेळी बदलतो, आणि ज्या ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार वेगळे दर लागू आहेत, त्यांची वजावट सरळसोट होत नाही. वसतिगृहाचा वापर मुख्यतः संध्याकाळी, तर सूर्य दिवसा. म्हणून जी कामे दिवसा होऊ शकतात ती दिवसाच करावीत: टाकी भरणे, दळण, कपड्यांचे यंत्र. दिवसा जागच्या जागी वापरलेल्या युनिटाला कोणत्याही नियमबदलाची भीती नाही.

स्वयंपाकाच्या इंधनाचा विषय याला लागूनच आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने २००९ मध्ये प्रसादालयाच्या छपरावर ७३ परावर्तक तबकड्या बसवल्या. त्यांवर तयार होणाऱ्या वाफेवर हजारो लोकांचा भात-वरण शिजते आणि वर्षाला सुमारे एक लाख किलो गॅस वाचतो, असे तेव्हा सांगितले गेले. आपल्या आवाक्यातला हा उपाय नव्हे. साधा सौर उष्णजल संच मात्र आवाक्यातला आहे. भात-डाळीचे आधण ६० अंशांवर तापलेल्या पाण्याने चढवले, तर गॅस कमी लागतो. पावसाळ्यात तो संच जवळजवळ स्वस्थ बसून राहील, हे धरूनच चालावे.

खारा वारा आणि निसर्ग

पुणे-नाशिककडच्या संस्थांचे अंदाजपत्रक जसेच्या तसे किनाऱ्यावर उतरवता येत नाही. खाऱ्या हवेत लोखंड किती दिवस टिकते, हे अलिबाग-मुरुडच्या कोणत्याही घराच्या खिडकीचे गज पाहून कळते. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा किमान ८० मायक्रॉन जस्ताचा थर दिलेला असावा. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. चांगल्या सांगाड्याला साधे बोल्ट लावून पैसे वाचवणारे कंत्राटदार असतात. पॅनेलला क्षारयुक्त धुक्याची, आयईसी ६१७०१ या मानकाची चाचणी झालेली असावी आणि तसे प्रमाणपत्र कागदावर मागून घ्यावे. समुद्राच्या बाजूने क्षाराचा थर आणि पाखरांची घाण साचते. पंधरवड्याने गोड्या पाण्याने पॅनेल धुवावे लागते. हे काम मुलांना सांगू नये. छपरावर चढणारा माणूस प्रशिक्षित आणि दोर बांधलेला असावा.

३ जून २०२० हा दिवस आपल्या किनाऱ्यावर कोणी विसरलेला नाही. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, ताशी ११० किलोमीटरच्या वेगाने. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुड, म्हसळ्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कौले फुटली, विजेचे खांब मोडून पडले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. त्या अनुभवातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, कौलारू किंवा जुन्या पत्र्याच्या छपरावर पॅनेल बसवू नये. स्लॅबची ताकद स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावी आणि सांगाड्याची रचना आयएस ८७५ या मानकातील वाऱ्याच्या भारानुसार करून घ्यावी. स्लॅबला भोके पाडली की पुढच्या पावसात गळती ठरलेली, म्हणून काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर सांगाडा बसवण्याची पद्धत आहे. त्या ठोकळ्यांचे वजनही हिशेबात धरावे लागते. यंत्रणेचा विमा असावा, आणि त्यात वादळाचा स्पष्ट उल्लेख असावा.

दुसरी गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. महावितरणची वीज गेली की साधी, जाळ्याशी जोडलेली सौर यंत्रणाही बंद पडते, भर दुपारी कडक ऊन असले तरी. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या तारेत आपल्या छपरावरून वीज जाऊ नये, यासाठी ती मुद्दाम तशी केलेली असते. म्हणजे निसर्गसारख्या वादळानंतर या यंत्रणेने बिल वाचवले असते, उजेड दिला नसता. उजेडाची हमी हवी तर बॅटरी लागते आणि बॅटरी महाग असते. आमचे मत असे की सबंध शाळेसाठी बॅटरीचा हव्यास धरू नये. मुलींच्या वसतिगृहाचा जिना, स्वच्छतागृहाकडची वाट, अभ्यासिका आणि भ्रमणध्वनी भारित करण्याची एक जागा, एवढ्यापुरती छोटी बॅटरी पुरेशी आहे.

पैसा कोठून

देणगी हा सर्वांत स्वच्छ मार्ग. दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीचा. २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते, आणि शिक्षण व पर्यावरण ही दोन्ही कामे त्या यादीत आहेत. थळपासून डोलवी, नागोठणे, रोह्यापर्यंत आपला जिल्हा कारखान्यांनी भरलेला आहे. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी संस्थेची १२-ए आणि ८०-जी नोंदणी तसेच सीएसआर-१ क्रमांक तयार असावा. एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय असा निधी स्वीकारता येत नाही.

कर्ज काढण्याचा विचार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६-अ आधी वाचावे. विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज घेण्याबाबत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीची तरतूद त्यात आहे. तिसरा मार्ग असा की एखादी कंपनी स्वतःच्या खर्चाने आपल्या छपरावर यंत्रणा बसवते आणि आपण तिला वापरलेल्या युनिटांचे पैसे, महावितरणच्या दराहून कमी दराने, पंधरा-पंचवीस वर्षे देत राहतो. संस्थेला जी करसवलत मिळत नाही ती कंपनीला मिळते आणि तिचा काही अंश दराच्या रूपाने आपल्याकडे येतो. कल्पना चांगली आहे. करार नीट वाचावा लागतो. दर दरवर्षी किती वाढणार, वादळात नुकसान झाले तर ते कोणाचे, स्लॅब दुरुस्त करायचा झाल्यास पॅनेल कोण उतरवणार, कंपनीच बुडाली तर काय, ही उत्तरे लेखी हवीत. छप्पर तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाडेपट्ट्याने दिल्यासारखा करार होत असेल, तर त्यालाही धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते.

माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही एक साधे माप ठेवतो: एक किलोवॅट. दहावीच्या एका तुकडीने मिळून साठ हजार रुपये जमवले की एक किलोवॅट होतो. शंभर जणांत वाटले तर माणशी सहाशे रुपये पडतात. आपल्यापैकी अनेक जण आयटीआय करून वायरमन, इलेक्ट्रिशियन, वेल्डर झाले आहेत. ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांचा वर्षातला एक रविवार, बोल्ट आवळण्यासाठी आणि जोडण्या तपासण्यासाठी, तितकाच मोलाचा आहे. मात्र एक अट आम्ही विश्वस्तांपुढे आग्रहाने मांडली आहे. वाचलेली रक्कम सर्वसाधारण खात्यात विरघळू देऊ नये. दरमहा बचत मोजून ती भोजनगृहाच्या नावे वेगळ्या शीर्षाखाली जमा व्हावी, इन्व्हर्टरच्या निधीचा भाग त्यातून वेगळा निघावा, आणि दोन्ही आकडे भोजनगृहाच्या दाराशी फळ्यावर लिहिले जावेत. ते आकडे लिहिण्याचे काम नववीची मुले करतील.

पूर्वतयारी म्हणून बारा महिन्यांची बिले एकत्र लावून झाली आहेत. स्लॅबचे मोजमाप घेतले आहे. अकराशे चौरस फूट मोकळी जागा भरते. पश्चिमेकडच्या पाच नारळांची सावली दुपारी तीननंतर स्लॅबवर कोठवर सरकते, हे मुलांनी सलग सहा दिवस खडूने आखून दाखवले. नारळ तोडायचे नाहीत, यावर सर्वांचे एकमत आहे. उरलेल्या पूर्वेकडच्या भागात किती पॅनेल बसतात आणि त्यांचे वजन जुन्या स्लॅबला पेलते का, हे आता स्थापत्य अभियंत्याने सांगायचे आहे.